नऊ माशांचा वंश

बाबा यंदा सप्टेंबरात कॅनडात आले. पहिल्यांदाच. ७१ वर्षांचा माणूस, आयुष्यात मुंबईसुद्धा दोनदाच पाहिलेली. त्यांना नायगारा दाखवायचा, टोरंटोचा मनोरा दाखवायचा असं आमचं ठरलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "ते सारं राहू दे. तू फोनवर सांगत होतीस ना, इथं लय तलाव हायेत म्हनून? ते दाखव."

सडबरी शहराच्या नुसत्या हद्दीतच ३३० तलाव आहेत. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक आहे. पण मला बाबांना तिथं न्यायचं नव्हतं. मला त्यांना उत्तरेकडचा एक लहानसा तलाव दाखवायचा होता. तिथं तीन वर्षांतून एकदाच गळ टाकता येतो आणि यंदा त्याची पाळी होती.

आधी बाबांविषयी. आम्ही भंडारा जिल्ह्यातले, साकोलीच्या बाजूचे, जातीनं ढिवर. बाबा चाळीस वर्षं मच्छीमार सोसायटीचे सभासद होते, त्यातली काही वर्षं सचिवही. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात डोंगा घालणं, जाळं विणणं, सोसायटीच्या वहीत हिशेब लिहिणं, यात त्यांचा जन्म गेला. त्या मासळीच्या पैशावर मी रसायनशास्त्र शिकले आणि आज सडबरीत खाणीच्या एका प्रयोगशाळेत खनिजांचे नमुने तपासते. गेली अकरा वर्षं हेच काम.

सडबरी म्हणजे निकेल आणि तांबं. इथलं खनिज गंधकानं भरलेलं असतं. ते भाजलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो. हवेत गेला की त्याचं आम्ल होतं आणि पावसाबरोबर, बर्फाबरोबर खाली येतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहराभोवतीची टेकाडं काळीठिक्कर पडली होती, गवताची काडी नव्हती. आमच्या शेजारी एक फिनिश वंशाचे आजोबा राहतात, जन्म इथलाच, उभी हयात भट्टीवर गेली. ते सांगतात, लहानपणी धूर खाली उतरला की जिभेवर चव यायची आणि संध्याकाळपर्यंत परसातल्या भाजीची पानं करपायची. मग १९७२मध्ये ३८१ मीटरचं धुराडं उभं राहिलं, सुपरस्टॅक. शहरातली हवा सुधारली, पण धूर नाहीसा झाला नाही, तो उंचावरून लांब जाऊन पडायला लागला.

मी इथं आले त्या पहिल्या उन्हाळ्यात सहकाऱ्यांनी मला किलार्नीच्या उद्यानात नेलं होतं. पांढऱ्याशुभ्र गारगोटीच्या टेकड्या आणि त्यांच्या कुशीत निळंशार पाणी. इतकं नितळ की खोलवरचा दगडन्‌दगड दिसत होता. मी बाबांना फोन करून म्हटलं होतं, इतकं सुंदर पाणी मी जन्मात पाहिलं नाही. बाबांनी विचारलं, "मासोऱ्या दिसल्या का?" मी म्हटलं, नाही. तेव्हा ते गप्प बसले होते. पुढं कामात मुरल्यावर मला कळलं की तिथल्या कितीतरी तलावांचं ते निळेपण आम्लानं आलेलं होतं. आम्ल वाढलं की पाण्यातला चहासारखा रंग जातो, आणि त्याच पाण्यातले मासेही संपतात. गारगोटीच्या दगडात चुना नसतो, त्यामुळं आम्ल मारायला तिथं काहीच नव्हतं. बाबांनी हजारो मैलांवरून एका प्रश्नात जे ओळखलं, ते मी pH मोजायचं शिकलेली असून ओळखू शकले नव्हते. हे मला अजून लागून आहे.

तर हा तलाव आणि त्यातला मासा.

१९२३ साली काही अमेरिकन हौशी गळवाले टेमागामीच्या पश्चिमेकडच्या जंगलात गेले आणि त्यांना व्हाइटपाइन नावाच्या तलावात एक वेगळाच मासा सापडला. इथल्या ब्रूक ट्राउटच्या पाठीवर नागमोडी नक्षी असते, अंगावर पिवळसर ठिपके असतात. याच्या अंगावर ते काही नव्हतं. बाजू चंदेरी-जांभळ्या, आणि पानगळीच्या दिवसांत नराचं पोट पेटल्यासारखं केशरी. ध्रुवीय प्रकाशासारखा म्हणून ऑरोरा ट्राउट. १९२५मध्ये तो नवीन जात म्हणून नोंदला गेला, पुढं ठरलं की ब्रूक ट्राउटचाच एक प्रकार आहे. पण हा प्रकार अख्ख्या जगात दोनच तलावांत होता. व्हाइटपाइन आणि त्याच्या शेजारचा व्हर्लिगिग.

हे दोन्ही तलाव सडबरीच्या उत्तरेला आहेत. आमच्या धुराच्या वाटेवर.

१९५०च्या दशकात तिथले मासे कमी व्हायला लागले. पिल्लं दिसेनात, नुसते म्हातारे मासे. १९५८मध्ये मत्स्यबीज केंद्राच्या माणसांनी तिथून मासे पकडले आणि हिल्स लेकच्या केंद्रात नेऊन त्यांची अंडी काढली. त्या कामी आलेले मासे होते फक्त नऊ. १९६०चं दशक सरता सरता दोन्ही तलावांतून ऑरोरा नाहीसा झाला. जगात उरली ती त्या नऊ माशांची हौदातली संतती. तीस वर्षं, पिढ्यामागून पिढ्या, केंद्रातल्या माणसांनी ती सिमेंटच्या हौदांत सांभाळली. सोडायला तलाव उरला नसताना सांभाळली. त्या माणसांविषयी मला जे वाटतं ते मला नीट लिहिता येणार नाही.

१९८५मध्ये आमच्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारनं भट्ट्यांवर आम्लपावसाविरुद्धचे कडक निर्बंध घातले. आज सडबरीतून बाहेर पडणारा वायू साठच्या दशकाच्या तुलनेत ९० टक्क्यांहून जास्त घटलाय. १९८९मध्ये व्हर्लिगिगमध्ये चुना टाकला, आणि १९९०मध्ये त्या नऊ माशांचे वंशज आपल्या तलावात परत गेले.

त्या दोन मूळ तलावांत मासेमारीला पूर्ण बंदी आहे. पण केंद्रातले मासे इतर काही लहान तलावांतही सोडले जातात आणि ते तलाव आळीपाळीनं, तीन वर्षांतून एकदा, १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर खुले होतात. एका माणसाला एकच मासा ठेवता येतो. आम्ही गेलो त्या तलावाचं नाव इथं लिहीत नाही. नियमांच्या पुस्तकात ते आहे, ज्याला जायचंय त्याला सापडेल. पण तिथं जाणारी पायवाट गर्दी सोसणारी नाही.

बाबांसाठी परदेशी पाहुण्याचा मासेमारी परवाना काढला, शिवाय सरकारी जंगलात रात्री राहायचा वेगळा. दोन्ही कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीच्या खिशात ठेवले. शेजारच्या आजोबांनी आपली कॅनू, म्हणजे वल्ह्याची हलकी नाव, दिली. ते स्वतः आले नाहीत, गुडघे गेलेत. कॅनू गाडीच्या टपावर बांधताना बाबा दोरी ओढून बघत होते आणि आजोबाही दुसऱ्या बाजूनं ओढून बघत होते. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण गाठीवर दोघांचं एकमत झालं.

सडबरीहून १४४ नंबरच्या रस्त्यानं उत्तरेला निघायचं. वस्ती लवकर संपते. मग दोन्हीकडं नुसतं स्प्रूस, जॅक पाइन, मधूनच पिवळी पडलेली भूर्ज, आणि मूस रस्त्यावर येतो म्हणून पाट्या. दोनेक तासांनी एक जलविभाजक लागतो. त्याच्या अलीकडचं पाणी ग्रेट लेक्सला जातं, पलीकडचं उत्तरेला जेम्स बेकडं. बाबांनी गाडी थांबवायला लावली, उतरून दोन्हीकडचा उतार बघितला आणि म्हणाले, "डोंगर दिसत नाई, पन पानी बराबर वाट फुटते." पुढं लाकूडतोडीचा कच्चा रस्ता, आणि तो संपला की पायवाट.

कॅनू उलटी करून डोक्या-खांद्यावर घेऊन जंगलातून चालायचं, याला इथं पोर्टाज म्हणतात. ते काम नवऱ्यानं केलं. मी सामान दोन खेपांत नेलं. बाबांना मी फक्त गळाच्या काठ्या दिल्या होत्या, पण मागं वळून बघितलं तर त्यांच्या खांद्यावर तंबूची पिशवी होती. वाट ओलसर, शेवाळावरून पाय सरकत होता. एका ठिकाणी माझा पाय घसरला आणि मी मांडीपर्यंत चिखलात गेले. मे-जूनमधल्या चावणाऱ्या काळ्या माश्या नव्हत्या एवढं बरं, त्या दिवसांत ही वाट चालणं म्हणजे शिक्षा असते.

तलाव झाडांमधून एकदम दिसला. लहानच, आमच्या मामा तलावाच्या निम्मासुद्धा नसेल. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. बाबा काठाशी बसले, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घोळवून थुंकलं.

"ह्या पान्यात मासोरी हाये," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता, "हा तलाव कोनाचा? ठेका कोनाकडं हाये?" मी सांगितलं, सरकारचा आहे, ठेका नाही, सोसायटी नाही, ज्याच्याकडं परवाना त्यानं यायचं. बाबांना ते पटेना. कोणाचाच नसलेला तलाव सांभाळतं कोण? मी म्हटलं, सरकारची माणसं मासे सोडतात, मोजतात. त्यांनी मान हलवली, पण माझी खात्री आहे की त्यांना ते अजून पटलेलं नाही.

कॅनूत बसणं सोपं नाही. मी पहिल्यांदा बसले तेव्हा उलटले होते. बाबा मात्र एक पाय मधोमध टेकवून सरळ गुडघ्यांवर उतरले आणि त्यांच्या अंगाखाली कॅनू हललीसुद्धा नाही. डोंग्यात असंच बसतात. लाइफ जॅकेट घालायला आधी नाही म्हणाले, मग माझ्याकडं बघून घातलं. वल्हं हातात घेतल्यावर त्यांचं वय दहा-पंधरा वर्षांनी उतरलं. मी पुढं, ते मागं, नवरा काठावर तंबू ठोकत होता.

पहिल्या संध्याकाळी काही लागलं नाही. पाण्यात बुडालेल्या खोडात अडकून माझा चांगला स्पिनर, म्हणजे फिरणारं चकचकीत आमिष, गेला. रात्री पाऊस, आणि थंडी एवढी की बाबांनी दोन स्वेटरांवर माझं जाकीट घातलं. लून पक्षी उशिरापर्यंत ओरडत होता. तंबूत बाबा म्हणाले, "हा पक्षी लेकरू हरवल्यावानी वरडते."

सकाळी गळांच्या उलट्या काट्या मी पकडीनं दाबून सपाट करत होते. म्हणजे मासा सोडायचा झाला तर त्याचं तोंड फाटत नाही. बाबांनी एक गळ हातात घेऊन बघितला. आमच्याकडं त्याला गरी म्हणतात. "काटी काढली तर मासोरी सुटन ना," ते म्हणाले. मी म्हटलं, दोर ताणून धरायचा, ढिला सोडायचा नाही. त्यांनी दुसरी पकड घेतली आणि उरलेले गळ स्वतः दाबले. आमिषाला जिवंत मासे आम्ही आणले नव्हते. तशी बादली घेऊन कोणी आलं आणि त्यातला एखादा पर्च पाण्यात सुटला, की काही वर्षांत ट्राउटचा तलाव पर्चचा होतो. हे बाबांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या तलावात बाहेरून आलेल्या माशांनी काय केलं ते त्यांनी पाहिलंय.

मग त्यांनी मला सगळा काठ फिरवला. गळ टाकायचाच नाही, नुसतं वल्हवायचं. दर थोड्या अंतरावर ते हात कोपरापर्यंत पाण्यात घालत, वल्ह्यानं तळ चाचपत, रेती आहे की गाळ ते बघत. तासाभरानं माझे खांदे भरून आले. विचारलं, काय शोधताय?

"पाझर," ते म्हणाले. "थंड्या पान्याची मासोरी हाये म्हनतेस. अंडी कुठं घालत असन? कुठं तरी खालून झरा पायजे. इथं नाई." थोडं थांबून म्हणाले, "इथं ही मासोरी जगते, पन पिल्लं नाई काढत."

मी वल्हं मांडीवर ठेवलं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ऑरोरा ट्राउट, ब्रूक ट्राउटसारखाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तळातून झरा फुटतो तिथल्या खडीत अंडी घालतो. मूळच्या दोन तलावांत तसे झरे आहेत आणि परत सोडल्यावर मासे तिथं आपोआप वाढायला लागले. बाहेरच्या तलावांत सहसा ते जमत नाही. म्हणून तिथं केंद्रातून पिल्लं आणून सोडावी लागतात.

"म्हंजे आपल्या कटल्यासारखं," बाबा म्हणाले.

आमच्याकडच्या वाचकांना हे कळेल. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे, तलावाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. सोसायटी दर पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणते, सोडते, वाढवते, विकते. मरळ मात्र तलावातच घर करतो आणि आईबाप मिळून पिल्लांची राखण करतात. वर्षानुवर्षं कटल्याच्या बोटुकलीवर भर दिला गेला, तलावात बेशरमची झुडपं माजली, पाणवनस्पती गेल्या, आणि आमचे गावठी मासे कमी कमी होत गेले. आता भंडारा-गोंदियात ढिवर बायाच पुढं होऊन तलावातली बेशरम उपटतात, चिखलात पाणवनस्पती लावतात, आणि जिथं ते केलं तिथं गावठी मासे परतलेत. बाबा आधी त्या कामाला हसले होते. हे त्यांनी मला त्या कॅनूत बसून सांगितलं, मी विचारलं नसताना.

मासा दुपारी लागला. उत्तरेच्या काठाला एक सीडरचं झाड पाण्यात आडवं पडलंय, त्याच्या सावलीत. बाबांच्याच गळाला. काठी वाकली, त्यांनी रीळ न फिरवता तंगूस थेट हातात धरला आणि सवयीनं हातानंच ओढायला लागले. मी ओरडत होते, काठी उचला, काठी उचला. त्यांनी ऐकलं नाही. जाळी मी खाली घातली.

हातभरापेक्षा कमी लांबीचा नर. पाठ गर्द, नक्षीचा मागमूस नाही. बाजूंवर जांभळी झाक, मासा वळला की ती निळी व्हायची. पोट केशरी, आणि पोटाकडच्या परांची पुढची कड पांढरी, चुन्यानं रेघ ओढावी तशी, तिला लागून एक काळी रेघ. खवले इतके बारीक की कातडी रेशमासारखी लागते. बाबांनी हात आधी पाण्यात बुडवून ओला केला, मग त्याला धरलं. मी त्यांना नऊ माशांची गोष्ट गाडीत सांगितली होती. ते माशाकडं बघत म्हणाले, "नऊच उरल्या होत्या? मग साऱ्या नात्यातल्या नात्यातच." मी म्हटलं हो, शास्त्रज्ञांनाही ती काळजी असते. "तरी बी कशी धडधाकट हाये," ते म्हणाले.

ठेवायचा की सोडायचा हे मी त्यांच्यावर सोडलं. त्यांनी ठेवला. मला आत कुठंतरी वाटत होतं की सोडावा. पण बाबांचं म्हणणं सरळ होतं. सरकारनं खायलाच सोडलाय, नियमानं एक आपला आहे, मग आणखी तोंडं जखमी करत बसायचं कशाला. त्यानंतर त्यांनी काठी गुंडाळून ठेवली आणि मलाही टाकू दिली नाही.

काठावर त्यांनी मासा चिरला आणि नेहमीसारखं आधी पोट उघडून बघितलं, काय खाल्लंय ते. चतुराच्या अळ्या, दोन-तीन पाणकिडे, एक नाकतोडा. प्रत्येक किडा त्यांनी सुरीच्या टोकानं सपाट दगडावर ओळीनं मांडला. मांस गाजरासारखं. हळद, तिखट, मीठ लावून तव्यावर परतलं. तिघांत एक मासा, वर भात. 'कॅनडा जे' नावाचे पक्षी फांदीवर येऊन बसले होते, त्यांना बाबांनी भाताची शितं टाकली. तसं करू नये हे मला माहीत आहे, मी काही बोलले नाही.

परत आल्यावर शेजारच्या आजोबांना कॅनू द्यायला बाबा माझ्याबरोबर आले. मला मध्ये ठेवून दोघांचं बोलणं झालं. आजोबांनी सांगितलं की १९८०च्या सुरुवातीला कामगार कपात झाली तेव्हा त्यांना टेकड्यांवर चुना टाकायचं काम मिळालं होतं. पिशव्या खांद्यावर घेऊन, हातानं. आज शहराभोवती जे जंगल दिसतं ते त्या चुन्यावर उगवलंय. बाबांनी विचारलं, भट्टीवर किती वर्षं होता? आजोबा म्हणाले, एकतीस. मग ते म्हणाले की ते तरुणपणी उत्तरेला मासे मारायला जायचे आणि हळूहळू मासे मिळेनासे झाले, तेव्हा पाणी किती स्वच्छ झालंय असं सगळे म्हणायचे. बाबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाबा परत गेले. नायगारा बघायचा राहिला.

परवा त्यांचा फोन आला. आमच्याकडं बर्फ पडायला लागलंय. धानाची कापणी, सोसायटीचा वाद, भावाच्या मुलाची परीक्षा, सगळं बोलून झालं. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "त्या दोन तलावांत आता अंडी घातली असतील ना?"

म्हटलं, हो, याच दिवसांत घालतात.

"पिल्लं कधी निघतील?"

"हिवाळा सरता सरता."

"तोवर अंडी कुठं राह्यतात? बरफाखाली?"

"हो बाबा. झऱ्यावर खडीत असतात. खालून येणारं पाणी गोठत नाही."